क्लासच्या फीचं कर्ज आणि चुकांची वही

परवा दुपारी आमच्या पतसंस्थेत एक गृहस्थ कर्जाचा अर्ज घेऊन आले. दीड लाख रुपये, दोन जामीनदार, सगळी कागदपत्रं नीट. 'कर्जाचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "मुलाच्या सीईटी क्लासची फी". मी अर्ज घेतला, पावती दिली. कर्ज मंजूर होईल, त्यात अडचण काही नाही. पण ते गेल्यावर बराच वेळ तो रकाना डोळ्यासमोरून हलेना. पूर्वी या रकान्यात म्हैस असायची, बोअर असायची, लग्न असायचं. हल्ली महिन्याला दोन-तीन अर्ज तरी क्लासच्या फीचे येतात. त्यातला एक अर्ज माझ्याच घरातून यायचा राहिला. ती हकिकत आज सांगतो. थोडी लांब आहे, पण ज्यांच्या घरात अकरावी-बारावीचं पोर आहे त्यांनी वाचावी.

माझी बहीण आमच्या विट्याजवळच्याच गावात राहते. मेव्हणे गलाईच्या धंद्यात, तिकडं कोइमतूरला. आपल्या भागात हे घरोघरी आहे, वेगळं सांगायला नको. वर्षातून दोनदा येतात, दिवाळीला आणि जत्रेला. घर, शेत, सासू आणि पोरगी, सगळं बहीणच बघते. भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, चांगले मार्क पडले, सायन्स घेतलं. आपल्याकडं अकरावी सायन्स घेतलं की सगळं एकदम इंग्रजीत. त्या वर्षी ती गांगरली. बारावीच्या दिवाळीत ताई माझ्याकडं आली आणि म्हणाली, "दादा, सगळ्यांच्या पोरी क्लासला आहेत. आता चार महिन्यांच्या क्रॅश कोर्सचे साठ हजार सांगतात. पुढच्या वर्षी परत बसवायचं ठरलं तर वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. काढू का कर्ज तुझ्या संस्थेतनं?"

मी म्हणालो, एक पंधरा दिवस थांब. आधी पोरीला नक्की काय येत नाही ते बघू.

मी बी.कॉम. आहे. फिजिक्सचा आणि माझा संबंध दहावीला संपला. त्यामुळे मी तिला शिकवणार वगैरे काही डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की तोट्यातल्या धंद्याला कर्ज देण्याआधी आपण तोटा कुठं होतोय ते विचारतो. इथं का विचारत नाही?

परीक्षा काय आहे ते आधी दोघांनी समजून घेतलं. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. इंजिनिअरिंगसाठीची एमएचटी-सीईटी म्हणजे पीसीएम गट, १५० प्रश्न, २०० गुण, तीन तास, सगळं कॉम्प्युटरवर. पहिली ९० मिनिटं फिजिक्स आणि केमिस्ट्री, प्रत्येकी ५० प्रश्न, एका प्रश्नाला एक गुण. ९० मिनिटं झाली की तो भाग आपोआप बंद होतो आणि गणित उघडतं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, पुन्हा ९० मिनिटं. म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीला एका प्रश्नाला ५४ सेकंद, गणिताला १०८ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे आणि २० टक्के अकरावीचे. फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणित मात्र फक्त इंग्रजीत.

आता गंमत बघा. भाची दीड वर्ष सायन्सला होती, आणि यातलं निम्मं तिला माहीत नव्हतं. चुकलं तर गुण कापत नाहीत हे तिनं ऐकलं होतं, पण खात्री नव्हती. पहिला भाग बंद झाला की मागं जाता येत नाही, हे तर माहीतच नव्हतं. यात तिची चूक नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

एका रविवारी सकाळी नऊ वाजता तिला माझ्या घरी लॅपटॉपसमोर बसवलं. पूर्ण पेपर, तीन तास, मोबाईल माझ्या खिशात, शेजारी कोरे कागद. कॅल्क्युलेटर नाही. पहिली अडचण अशी आली की तिला माऊस धरता येत नव्हता. हसू नका. आपल्या पोरांनी सगळं आयुष्य मोबाईलवर काढलंय. बोटानं सरकवायची सवय. प्रश्न खाली सरकवायला, उत्तर निवडून जतन करायला, पुढं जायला तिची प्रत्येक वेळी चार-पाच सेकंदं जायची. ५४ सेकंदांतली पाच सेकंदं म्हणजे किती, ते तुम्हीच बघा.

बारा वाजता निकाल आला. २०० पैकी ७४. फिजिक्स २१, केमिस्ट्री २३, गणिताचे १५ प्रश्न बरोबर म्हणजे ३०. पोरगी रडवेली झाली. म्हणाली, "मामा, घरी येतं हो मला. पेपरातच काय होतंय कळत नाही."

हे वाक्य मी रोज ऐकतो. नवीन कॅशियर संध्याकाळी हेच म्हणतो, "साहेब, सगळं बरोबर लिहिलंय, टॅली का होत नाही कळत नाही." मी स्वतः बारा वर्षं कॅशवर बसलोय. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर घरी जायचं नाही, हा नियम. आणि फरक शोधायच्या काही रीती असतात. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर बहुतेक आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ५,४८० चे ४,५८० लिहिले की फरक ९०० चा पडतो. नऊने जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम काढून ती वहीत शोधायची. ती सापडली तर जमेची नोंद नावे पडलेली असते. म्हणजे चूक झाली एवढं कळून उपयोग नाही. चुकीची जात कळली पाहिजे. जात कळली की चूक पाच मिनिटांत सापडते.

त्याच दुपारी जेवण झाल्यावर आम्ही दोघं तिच्या ७४ गुणांचा ताळा करायला बसलो. १५० पैकी ५९ प्रश्न बरोबर होते. ३१ तिनं सोडूनच दिले होते. राहिले ६०, ते चुकले होते. या ६० प्रश्नांवर मी तिला एकेक करून एकच प्रश्न विचारला, "हे का चुकलं?" उत्तर मला समजायची गरज नव्हती. तिला सांगता येणं गरजेचं होतं. मी वहीत चार रकाने आखले.

पहिला, माहीतच नव्हतं. दुसरा, येत होतं पण आकडेमोडीत, चिन्हात, एककात घसरलं. तिसरा, प्रश्न नीट वाचला नाही. चौथा, घाईत काहीतरी ठोकलं.

संध्याकाळी बेरीज केली. माहीत नव्हतं २७. घसरलं १८. वाचलं नाही ९. ठोकलं ६.

तिनं स्वतःच आकडे बघितले आणि गप्प बसली. ६० पैकी ३३ प्रश्न असे होते, जे यायची शक्यता होती किंवा येतच होते. क्लास कुठलाही लावला असता तरी त्यानं त्या २७ वर काम केलं असतं, तेही पहिल्या धड्यापासून सगळ्यांच्या बरोबर. या ३३ साठी क्लासची गरज नव्हती. गरज होती कुणीतरी शेजारी बसून "हे का चुकलं" विचारण्याची.

आणि ते सोडलेले ३१? त्यातले १९ पहिल्या भागातले, १२ गणितातले. गुण कापत नाहीत, चार पर्याय आहेत. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी सरासरीनं दहा-अकरा गुण पदरात पडले असते. याला ज्ञान म्हणत नाहीत, मला मान्य आहे. पण शेजारचा पोरगा ते घेणार आणि आपली पोर तत्त्व म्हणून सोडणार, याला काय अर्थ आहे? त्या दिवसापासून नियम केला. प्रत्येक भागाची शेवटची तीन मिनिटं राहिली की नवीन काही सोडवायचं नाही, फक्त रिकाम्या जागा भरायच्या.

मग आमचा दिनक्रम ठरला. तो लिहितो, कारण लोक विचारतात.

रविवारी पूर्ण पेपर नाही. हे ऐकून सगळ्यांना आश्चर्य वाटतं. सुरुवातीला तीन आठवड्यांतून एकच पूर्ण पेपर. मधल्या दिवसांत रोज अठरा मिनिटांचा एक डाव. फिजिक्स किंवा केमिस्ट्रीचे २० प्रश्न अठरा मिनिटांत, नाहीतर गणिताचे १० प्रश्न अठरा मिनिटांत. परीक्षेचा वेग हाच आहे, हिशोब करून बघा. प्रश्नांसाठी मागच्या वर्षांच्या प्रश्नांचं एक जुनं पुस्तक अडीचशे रुपयांत घेतलं, ओळखीच्या एका पोराचं. डाव संपला की घड्याळ बाजूला ठेवायचं आणि चुकलेल्या प्रश्नांवर अर्धा ते पाऊण तास. म्हणजे सोडवायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चूक बघायला. लोकं नेमकं उलटं करतात. पेपरवर पेपर सोडवत सुटतात, मार्क बघतात, हळहळतात आणि पुढचा पेपर काढतात. त्यानं होतं एवढंच की त्याच चुका जास्त वेगानं करता येतात.

चुकलेला प्रश्न वहीत उतरवायचा, उत्तर मागच्या पानावर. तीन दिवसांनी तो परत सोडवायचा, उत्तर न बघता. आला तर दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा आला तर त्यावर काट. नाही आला तर रांगेत परत मागं. सोडवलेलं उत्तर वाचून "हां, कळलं" म्हणणं आणि कोऱ्या कागदावर ते परत येणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाची आधी फक्त वाचायची. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की येतंय असंच वाटतं. तिचं "घरी येतं हो मला" हे असं होतं.

चूक का झाली ते तिच्या शब्दांत एका ओळीत लिहायचं. "सिली मिस्टेक" लिहायला मी बंदी केली होती. त्या शब्दानं काहीच कळत नाही. "सेंटिमीटरचं मीटर केलं नाही" असं लिहायचं. "रोटेशनल डायनॅमिक्समध्ये त्रिज्येऐवजी व्यास घातला" असं लिहायचं. महिन्याभरात वहीत दिसायला लागलं की एककाची चूक सतरा वेळा झालीय. सतरा वेळा स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर अठराव्या वेळी हात आपोआप थांबतो.

तिसऱ्या रकान्यात, म्हणजे "वाचलं नाही" मध्ये, बहुतेक गणित होतं. आणि त्याचं कारण गणित नव्हतं, इंग्रजी होतं. प्रोबॅबिलिटीच्या प्रश्नात 'ॲट लीस्ट' आणि 'ॲट मोस्ट' यात ती दर वेळी गोंधळायची. किमान दोन आणि जास्तीत जास्त दोन, मराठीत विचारलं की झटक्यात सांगायची. 'इफ अँड ओन्ली इफ', 'रिस्पेक्टिव्हली', 'नॉट' अशा शब्दांची आम्ही एक वेगळी यादी केली. पन्नासेक शब्दच झाले सगळे मिळून. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना गणित येत नाही म्हणून शिक्के मारणाऱ्यांनी ही यादी एकदा बघावी.

अकरावीचंही तसंच. अकरावी संपली म्हणून पुस्तकं माळ्यावर टाकली होती. प्रत्येक विषयात साधारण दहा प्रश्न अकरावीचे धरले तर दहा, दहा आणि गणिताचे वीस, असे चाळीस गुण होतात. २०० मधले चाळीस गुण माळ्यावर. ती पुस्तकं खाली काढली. सीईटीला अकरावीचे सगळे धडे नसतात, ठरावीकच असतात. त्यांची यादी काढून तेवढेच केले.

मार्क कसे वाढले? सरळ रेषेत नाही वाढले. ७४, मग ८३, ९१, ८८, १०४. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेमुळे सगळं थांबलं. बोर्ड संपल्यावर पहिला पेपर दिला आणि ९७ वर आली. माझं डोकं फिरलं. मी वही उघडून एकेक चूक दाखवत तिला झापलं. "हे डिसेंबरात झालं होतं. हे पण झालं होतं. हे परत कसं चुकतं?" ती काही बोलली नाही. वही मिटली आणि गच्चीवर गेली. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "दादा, तू कॅशियर आहेस हे मान्य. पण ती कॅश नाही."

त्या दिवशी मी कुणाशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी भाचीला सांगितलं की यापुढं वही तूच उघडायची, मी फक्त शेजारी बसणार. विचारलंस तरच बोलणार. खरं सांगायचं तर तिथून पुढं जास्त फरक पडला. तोपर्यंत ती माझ्यासाठी चुका शोधत होती, त्यानंतर स्वतःसाठी शोधायला लागली. पेपरात दोन फेऱ्या करायची पद्धत तिनंच काढली. पहिल्या फेरीत वाचताक्षणी येतील तेवढेच, अडलं की खूण करून पुढं. दुसऱ्या फेरीत खुणा केलेले. आधी ती एकेका प्रश्नाशी चार-चार मिनिटं हट्टानं भांडायची, आणि शेवटचे पंधरा प्रश्न बघायचेच राहायचे. त्यातले सहा-सात सोपे असायचे. एप्रिलच्या पेपरांत ११२ आले, मग ११८.

परीक्षा सांगलीत, सकाळचं सत्र, साडेसातला केंद्रावर. अंधारात निघालो. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मामा, माऊस आपल्यासारखाच होता." पुढं उत्तरतालिका आल्यावर तिनं बेरीज केली, १२१. पर्सेंटाइल नव्वदीच्या बरंच पुढं. जिल्ह्यातल्याच कॉलेजात, हव्या त्या शाखेत नंबर लागला. कर्ज काढावं लागलं नाही.

इथं पोस्ट संपवली असती तर तुम्ही "अभिनंदन मामा" लिहिलं असतं आणि मलाही बरं वाटलं असतं. पण मी हे लिहायला बसलो त्याचं कारण पुढं आहे.

भाचीची एक मैत्रीण आहे. नाव सांगत नाही. दोघी दहावीपासून एका बाकावर. बोर्डाला दोघींत एका टक्क्याचाही फरक नाही. तिच्या घरी लॅपटॉप नाही, क्लास नाही. तिनं सराव केला तो मोबाईलवर, रात्री, वडिलांचा फोन मोकळा झाला की. जानेवारीत भाचीनं मला विचारलं होतं, "मामा, तिला पण बोलवू का रविवारी?" मी म्हणालो, "आधी तुझं बघू. लॅपटॉप एकच आहे."

लॅपटॉप एकच होता, हे खरं आहे. पण ते पूर्ण खरं नाही. तेव्हा माझ्या मनात आणखी एक विचार येऊन गेला होता आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता. ही परीक्षा पर्सेंटाइलची आहे. तुमच्या सत्रात बसलेल्या पोरांपैकी किती टक्के तुमच्याइतक्या किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, ते म्हणजे पर्सेंटाइल. म्हणजे दुसरं पोर वर गेलं की आपलं खाली येतं. असा हिशोब माझ्या डोक्यात आला. आता त्याची लाज वाटते, आणि तो हिशोब म्हणूनही चुकीचा होता. २०२५ मध्ये पीसीएम गटाची परीक्षा चार लाखांहून जास्त पोरांनी दिली. एका बाकावरची मैत्रीण वर गेल्यानं भाचीच्या पर्सेंटाइलमध्ये दशांश चिन्हानंतरचा कुठला तरी लांबचा आकडा हलला असता, एवढंच.

त्या पोरीनं सांगलीला जाऊन आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरला. पहिला भाग बंद झाला तेव्हा तिचे बावीस प्रश्न रिकामे होते. तिला वाटलं होतं, शेवटी परत येऊन भरू. भाचीनं मला हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. घास खाली उतरेना.

तिला जागा मिळत होती, पण लांबच्या कॉलेजात. आता अनेक जण म्हणतील, मुलींना फी माफ आहे ना. आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. चांगला निर्णय आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण खोलीभाडं माफ नाही, मेस माफ नाही. घरापासून जवळचं कॉलेज मिळालं तर माफीचा खरा उपयोग. आणि जवळचं कॉलेज मिळणं, न मिळणं ठरतं त्या तीन तासांवर. ती पोरगी बी.एस्सी.ला गेली. बी.एस्सी. वाईट नाही, चांगली शिकतेय. पण तिला ते करायचं नव्हतं.

आता माझं म्हणणं. दोघींत फरक कसला होता? हुशारीचा नव्हता, बोर्डानं ते दाखवलं. मेहनतीचाही नव्हता. फरक होता एक लॅपटॉप, एक माऊस, रविवारची सकाळ आणि शेजारी बसणारा एक बी.कॉम. माणूस. यातली एकही गोष्ट दीड लाखाची नाही. आणि या सगळ्या गोष्टी आपल्या तालुक्यात आहेत, फक्त कुलपात आहेत.

ज्युनिअर कॉलेजांत कॉम्प्युटर लॅब आहेत. प्रॅक्टिकल झालं की त्यांना कुलूप लागतं आणि रविवारी तर तिकडं कुणी फिरकत नाही. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका आहेत, चांगली गोष्ट आहे, पण बारावीच्या पोरांना तिथं कोण बोलावतं? संस्थाचालकांनी आणि प्राचार्यांनी मनावर घेतलं तर डिसेंबरपासून परीक्षेपर्यंत महिन्यातून दोन रविवार लॅब उघडणं अवघड आहे का? एका पोराला एक मशीन, तीन तास, पहिला भाग नव्वद मिनिटांनी बंद. दुपारी वही काढून चुकांचा ताळा. शिक्षकांवर आणखी एक काम टाका असं मी म्हणत नाही, त्यांच्यावर आधीच भरपूर टाकलेलं आहे. शेजारी बसायला विषय यायलाच पाहिजे असं नाही. बँकेतले, पोस्टातले, रिटायर्ड, कुणीही चालेल. "हे का चुकलं?" एवढं विचारता आलं पाहिजे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसता आलं पाहिजे. दुसरी गोष्ट मला जड गेली, तुम्हाला जाऊ नये.

यानं सगळं सुटेल असा माझा दावा नाही. ज्या २७ प्रश्नांपुढं "माहीतच नव्हतं" लिहिलं होतं, त्यासाठी वर्गात नीट शिकवायलाच हवं, त्याला सराव हा पर्याय नाही. वर्ग रिकामे आणि क्लास भरलेले, हे दुखणं वेगळं आणि मोठं आहे. आणि पोरं सगळीच चांगली तयार झाली म्हणून कॉलेजातल्या जागा वाढणार नाहीत, हेही मला कळतं. पण माऊस धरता न आल्यामुळे आणि नियम माहीत नसल्यामुळे कुणाची जागा जाऊ नये, एवढं तर आपण आपल्या गावात करू शकतो.

परवाच्या त्या गृहस्थांना मी फोन केला. कर्ज घेऊ नका असं सांगितलं नाही, तो त्यांचा निर्णय आहे. एवढंच म्हणालो की सही करायच्या आधी मुलाला एका रविवारी सकाळी नऊ वाजता माझ्याकडं पाठवा, बरोबर कोरी वही द्या. ते म्हणाले, "त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ पण आहे, त्याला पाठवू का?"

म्हणालो, पाठवा. लॅपटॉप अजून एकच आहे. तुमच्यापैकी कुणाकडं वापरात नसलेला, पण चालू लॅपटॉप असेल, कुणाच्या ओळखीत लॅबची किल्ली असेल किंवा रविवारची दुपार मोकळी असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. भाचीच्या मैत्रिणीला मी विचारलंय. ती म्हणाली, "येते मामा. पहिला भाग बंद होतो, हे पोरांना मीच सांगते."